अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावर जाताय? आधी ओहोटी बघा

भाऊ, आपण नागपूरकर आधी मुंबईचं तिकीट काढतो आणि भरती-ओहोटी अलिबागला पोचल्यावर विचारतो. उलटं करा. पंचांगातल्या तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची साधारण वेळ निघते: चतुर्थीला तीनला भरती, म्हणजे ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास. नक्की वेळ किनाऱ्यावरच्या कोळ्यांना विचारा. पाणी ओसरत असतानाच किल्ल्याकडे पायी निघा, शेवाळलेल्या खडकांवर जपून. भरती लागायच्या आत परत फिरा, यात हयगय नकोच.

आत राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणेश पंचायतन आहे, गोड्या पाण्याची विहीरही. पण तटाजवळ नक्की थांबा. ते प्रचंड चिरे चुना न भरता नुसते रचलेत. लाट फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. फार शहाणं बांधकाम! पावसाळ्यात मात्र जाऊ नका.