डबा आधी माळ्यावरून खाली काढा

प्रश्न: मुलगी दोनदा नीटला बसली, मार्क कमी पडले. तिसऱ्यांदा बसवायचं मी ठरवलंय. पण ती दिवसभर पॉलिमर क्लेचे कानातले करते, 150 रुपयाला जोड विकते. फोटो पाठवलाय. मार्चमध्ये सगळा डबा पत्र्याखालच्या माळ्यावर टाकला. हे मातीचं खूळ कसं काढू? नाहीच ऐकलं तर सिरॅमिकचा कोर्स चालेल का?
– एक पालक, लातूर

भाऊ, तुमच्या पत्रात 'मी ठरवलंय' आहे, पण पोरगी काय म्हणते ते एका ओळीतही नाही. मला काळजी मार्कांची नाही, ह्याची वाटते. नीटला वयाची वरची अट नाही, किती वेळा बसायचं त्यालाही मर्यादा नाही, म्हणजे 'अजून एक वर्ष' कुठं थांबवायचं ते घरच्यांनीच ठरवायचं असतं, आणि लातुरात गल्लीतलं प्रत्येक लेकरू क्लासला जातंय म्हटल्यावर ते कुणी ठरवत नाही. तिला विचारा, तुला बसायचंय का. 'नाही' म्हणाली तर तिसऱ्यांदा बसवू नका, स्पष्टच सांगतो.

आता ते मातीचं. पॉलिमर क्ले ही माती नाहीच हो. ते पीव्हीसी प्लास्टिक आहे, मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेलं. हवेत वाळत नाही, ओव्हनमध्ये साधारण 110 ते 130 अंशांवर पक्कं होतं, नेमकं किती ते पाकिटावर असतं. सिरॅमिकची भट्टी हजार अंशांच्या आसपास जाते, तिथं हे जळून जाईल, त्यामुळे तो कोर्स म्हणजे ह्याची पुढची पायरी नाही, ते कामच वेगळं. आणि कच्चा क्ले उन्हाळ्यात पत्र्याखाली राहिला की अर्धवट भाजल्यासारखा होतो, मळायला घेतला की चुरा. लेकराने कानातले विकून आणलेला माल आहे तो, डबा आजच खाली काढा.

फोटो तुम्ही तक्रार म्हणून पाठवलात, मी मात्र बघतच राहिलो. पैठणीच्या पदरावरचा मोर आहे तो, आणि रंगवलेला नाही. क्लेच्या रंगीत पट्ट्या जोडून आधी मनगटाएवढा जाड लोड करायचा, मग सगळीकडून दाबत दाबत बोटाएवढा बारीक करायचा, आतली नक्षीपण त्याच प्रमाणात लहान होत जाते, मग चकत्या कापायच्या, प्रत्येक चकतीत तोच मोर. ह्याला केन म्हणतात. दाब एका बाजूला जास्त पडला की चोच मानेत घुसते. तिच्या मोराची चोच बघा, किती स्वच्छ आलीय! हे खूळ नाही भाऊ, हात आणि डोकं दोन्ही लागतं ह्याला.

तिला ह्यातच पुढं शिकायचं असेल तर निफ्ट आणि एनआयडी ही डिझाइन शिकवणारी कॉलेजं, बीएफए म्हणजे कलेच्या पदवीची सीईटी, संभाजीनगरचं सरकारी चित्रकला कॉलेज, ह्यांच्या प्रवेशाच्या तारखा वेबसाईटवर मिळतील, त्या तिलाच शोधू द्या.

पण नुसत्या कानातल्यांवर लगेच घर चालेल असं मी म्हणणार नाही. 150 मध्ये क्ले, हुक, वीज, कुरिअर आणि तिचे तास धरलेत का? मला वाटतं तास धरलेच नसतील, सगळ्याच नवीन पोरी तिथं फसतात. तिला हिशोबाची वही घालून द्या, ते तुम्हाला चांगलं जमेल. स्वयंपाकाचा ओव्हन वापरत असेल तर छोटा वेगळा घ्या आणि आत थर्मामीटर ठेवायला सांगा, कारण तापमान फार चढलं की पीव्हीसी जळून घशाला झोंबणारा धूर निघतो. खिडकी उघडी ठेवूनच भाजायचं. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या.