स्कॉटलंडच्या घरात सांगलीचे नेम

प्रश्न : ताई, स. न. वि. वि. जूनमध्ये आम्ही दोघं मुलाकडे इंग्लंडमध्ये लेस्टरला चाललो आहोत. तिथून तो आम्हाला स्कॉटलंड दाखवणार. पिटलॉक्री, इनव्हरनेस आणि स्काय बेटावरचं पोर्ट्री इथं त्यानं हॉटेलऐवजी ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ बघून ठेवलेत, म्हणजे कुणाच्या तरी राहत्या घरातली खोली. आम्ही जैन. कांदा-लसूण, बटाटा, मध काही चालत नाही आणि सूर्यास्तानंतर जेवत नाही. सौ.चे गुडघे दुखतात. मला पहाटे पाचला अंघोळ करून, दिवा-उदबत्ती लावून जपाला बसायची सवय आहे. परक्याच्या घरात हे जमेल का, की मुलाला सरळ हॉटेल घ्यायला सांगू?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : हॉटेल घेऊ नका. नेम पाळणाऱ्या माणसाला असं घरच सोयीचं. मोठ्या हॉटेलात बुफेमागचा आचारी तुम्हाला दिसतही नाही. इथं तुमच्या मेलला जी बाई उत्तर देते, बहुतेक तीच सकाळी शेगडीपाशी उभी असते. मात्र तुम्हाला काय हवं-नको ते तिला आठ-दहा दिवस आधी लिहून कळवायला हवं. दारात पोचल्यावर सांगून उपयोग नाही.

सूर्यास्ताचं आधी सांगते, कारण तिथं तुमची चैन आहे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात इनव्हरनेसला सूर्य मावळतो रात्री सव्वादहाच्या सुमाराला. सांगलीत सातला ताटं उचलायची घाई असते, तिथं नवाला निवांत जेवा. उलट लहान गावातल्या खाणावळींची स्वयंपाकघरं सूर्याआधी बंद होतात, तिकडं लक्ष ठेवा. (डिसेंबरात तिथं दुपारी साडेतीनलाच सूर्य बुडतो. मुलानं महिना बरा निवडलाय.) सूर्य उगवतोही सव्वाचारच्या पुढंमागं, तेव्हा डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या.

आता नाश्ता. ‘आम्ही जैन आहोत’ एवढंच लिहिलंत तर हायलँड्समधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, गावात कुणाला काही उमगणार नाही. ‘व्हेजिटेरियन’ लिहिलंत तर अंडं, मशरूम आणि बटाट्याची टॅटी स्कोन समोर येईल. शाकाहारी सॉसेजमध्ये बहुतेक वेळा कांदा असतोच. आणि काय चालत नाही त्याची लांबलचक यादी पाठवलीत तर ती बिचारी घाबरून जाईल. म्हणून काय चालतं ते आधी लिहा : दुधातली ओट्सची पॉरिज, तिच्यावर मध नको, साखर चालेल; टोस्ट, लोणी, जॅम; फळं; चहा; आणि जमलं तर वेगळ्या पॅनमध्ये लोण्यावर परतलेला टोमॅटो. त्याखाली एका ओळीत नको ते : मांस, मासे, अंडं, कांदा, लसूण, बटाटा, मशरूम, मध. दही दिलं तर डब्यावर जिलेटिन आहे का ते वाचा.

वेगळ्या पॅनचं न लाजता लिहा. त्या नाश्त्यात बेकन असतं, ब्लॅक पुडिंग असतं (डुकराचं रक्त आणि धान्य घालून केलेलं), स्कॉटलंडमध्ये कधी हॅगिसही असतं, म्हणजे मेंढीचं काळीज, यकृत, फुफ्फुस, ओट्स आणि कांदा. एकाच तव्यावर सगळं फिरतं. आमचे हे शुद्ध शाकाहारी. पिटलॉक्रीजवळच्या एका घरी मी हे आधी कळवलं होतं. पोचलो त्या संध्याकाळी मालकीणबाईंनी एक छोटं पॅन आणून दाखवलं, दांड्याला निळी दोरी बांधलेली. म्हणाल्या, ‘हे तुमचं.’ सकाळी ह्यांनी पॉरिज दोनदा मागून घेतली. घरी मी ओट्स केले की हेच गृहस्थ नाक मुरडतात!

चांगुलपणानं ‘काही मदत करू का’ म्हणत त्यांच्या स्वयंपाकघरात मात्र शिरू नका. खाण्याचा धंदा म्हणून त्याची कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडे, नोंद असते, स्वच्छतेचे नियम असतात. नाश्त्याची वेळही ठरलेली, बहुतेक आठ ते नऊ. खोलीत कुकर, इंडक्शन काढायचं नाही. किटली असते, ती फक्त पाण्यासाठी. घरून कांदा-लसणाशिवायचं सुक्या उपम्याचं तयार मिश्रण न्या आणि उकळतं पाणी आपल्या डब्यात ओता. लसणाशिवायचं भडंगही करून न्या, दुपारी गाडीत बरं पडतं. पोर्ट्रीला दोन-तीन रात्री असाल तर तेवढ्यापुरतं स्वयंपाकघर असलेलं ‘सेल्फ केटरिंग’ घर घ्या. सलग पाच दिवस टोस्टवर काढणं आपल्याला जड जातं.

पाचची अंघोळ. ही घरं जुनी, मजले लाकडी. पंपाचा नाहीतर इलेक्ट्रिक शॉवरचा आवाज शेजारच्या खोलीत जातो. बुकिंगच्या वेळी ‘ऑनस्वीट’ खोली मागा, म्हणजे न्हाणीघर खोलीतच. ‘प्रायव्हेट’ लिहिलं असेल तर ते फक्त तुमचं असतं, पण बोळ ओलांडून जावं लागू शकतं. ‘शेअर्ड’ तुम्हाला नको. आणि पहाटे पाचला शॉवर चालेल का, ते त्याच मेलमध्ये विचारा. नाही म्हणाल्या तर सातला करा. शॉवरला पाणी येईना, तर छताला लोंबणारी दोरी ओढून बघा, तोच स्विच असतो. जमिनीला मोरी नसते. बादली-तांब्याची अंघोळ केलीत तर पाणी खालच्या मजल्याच्या छतातून उतरेल. शौचासाठी प्लास्टिकचा मग न्या, पण फरशी कोरडी ठेवा.

दिवा आणि उदबत्ती मात्र घरीच ठेवून जा. फेब्रुवारी २०२२ पासून स्कॉटलंडमध्ये प्रत्येक घरातले धुराचे अलार्म एकमेकांना जोडलेले असावेत असा कायदा आहे. तुमच्या खोलीत एक वाजला की घरातले सगळे वाजतात आणि पहाटे पाचला अख्खं घर नाइटड्रेसमध्ये अंगणात. जप काय, माळेवर होतो. लेस्टरला परतलात की १९८८ पासूनचं तिथलं जैन मंदिर आहेच. एका जुन्या चर्चच्या इमारतीत आहे, आत दिगंबर आणि श्वेतांबर दोन्ही गाभारे आहेत.

सौ.च्या गुडघ्यांसाठी तळमजल्याची खोली मागा. लिफ्ट नसते आणि जिने आपल्या वाड्यांतल्यासारखे उभे. पोचायची वेळ कळवा. उशीर होत असेल तर फोन करा, कारण तुमच्यासाठी कुणीतरी घरी थांबलेलं असतं. डोक्याला तेल चोळून त्यांच्या पांढऱ्या उशीवर झोपू नका, एवढं ह्यांना सांगावं लागलं होतं म्हणून तुम्हालाही सांगते. आणि मुलाला सांगा, जाहिरातीत परवान्याचा नंबर बघ. स्कॉटलंडमध्ये अशा घरांना कौन्सिलचा परवाना लागतो.

प्रश्न : व्हिसाच्या अर्जाआधी अशा घरांचे पैसे भरून ठेवावे लागतात का?
– एक वाचक, कराड

उत्तर : ब्रिटनसाठी नाही. हॉटेलचं आणि विमानाचं बुकिंग तिथल्या व्हिसा खात्याच्या कमी उपयोगाच्या कागदांच्या यादीत आहे. फ्रान्स, इटलीसारख्या शेंगेन देशांना मात्र राहण्याच्या सोयीचा पुरावा लागतो. तिथं विनाशुल्क रद्द करता येईल असं बुकिंग घ्या आणि रद्द करायची शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

प्रश्न : इंग्लंडमध्ये ज्यांच्या घरी उतरणार त्यांना साताऱ्याचे कंदी पेढे न्यावेत असं सासूबाईंच्या मनात आहे. चालतील?
– एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : नाही. भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, पेढे विमानतळावरच काढून घेतील. शिवाय तुम्ही पैसे भरून राहणार, भेट दिलीच पाहिजे असं काही नाही. द्यावीशी वाटली तर खणाची एखादी पिशवी न्या. पेढे सासूबाईंना निघायच्या आदल्या दिवशी घरातच वाटू द्या.