सुदान सरकारने दार्फुरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेला आधी ठाम नकार देऊन नंतर होकार का दिला?

आपल्या प्रश्नातल्या 'होकार' या शब्दापाशीच मी अडखळतो. २००६-०७ च्या घडामोडी मी त्या काळी नेमाने वाचत असे, आणि माझे मत असे झाले की खार्टूमचा, म्हणजे राजधानीतल्या सुदान सरकारचा, विरोध मावळला असे म्हणण्यापेक्षा तो भाषणांतून उठून बंदरात आणि व्हिसाच्या खिडकीवर जाऊन बसला असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

सुदानच्या पश्चिमेकडील दार्फुरमध्ये २००३ साली बंड झाले आणि ते मोडण्यासाठी सरकारने जंजावीद या सशस्त्र अरब टोळ्यांना हाताशी धरले. २००४ पासून आफ्रिकी संघाचे सैनिक तिथे होते, परंतु जवळपास फ्रान्सएवढा प्रदेश जेमतेम सात हजार माणसांनी राखायचा, तोही देणगीदारांच्या पैशावर, हे मुळातच अशक्य होते. म्हणून ३१ ऑगस्ट २००६ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव १७०६ संमत करून १७,३०० पर्यंत सैनिक पाठवण्याचे ठरवले. मात्र त्याच ठरावात सुदानच्या संमतीची अपेक्षा नोंदवलेली होती. राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीर यांनी या साऱ्याला नवी वसाहतशाही ठरवून संमती नाकारली, आणि ऑक्टोबरमध्ये तर सैन्याच्या पराभवांविषयी ब्लॉगवर लिहिले म्हणून संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी यान प्रॉन्क यांनाच देशाबाहेर घालवले.

सार्वभौमत्वाचे हे कारण मला पूर्ण पटत नाही. देशाच्या दक्षिणेतल्या बंडखोरांशी झालेल्या शांतता करारानंतर २००५ मध्ये याच सरकारने संयुक्त राष्ट्रांचे १०,००० पर्यंत सैनिक मुकाट्याने स्वीकारले होते (त्यांत भारतीय पलटणीही होत्या). फरक इतकाच की मार्च २००५ मध्ये दार्फुरचे प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे सोपवले गेले होते, आणि संयुक्त राष्ट्रांचा निळ्या टोपीतला सैनिक उद्या साक्षीदार किंवा पकडायला आलेला शिपाई ठरेल, ही धास्ती राज्यकर्त्यांना असणे स्वाभाविक होते.

नोव्हेंबर २००६ मध्ये अदिस अबाबा येथे संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन सरचिटणीस कोफी अन्नान यांनी तीन टप्प्यांची तोड काढली: आधी आफ्रिकी संघाला किरकोळ मदत, मग मोठी मदत आणि शेवटी दोन्ही संघटनांची संयुक्त सेना. त्यानंतर सुदानने तत्त्वतः मान्यता द्यायची, आठवड्याभरात तिचा वेगळाच अर्थ लावायचा आणि पुन्हा चर्चेला बसायचे, असे महिनोन्‌महिने चालले. शेवटी जून २००७ मध्ये होकार आला, यामागे चीनचा वाटा मी मोठा मानतो. सुदानी तेलाचा हा मोठा गिऱ्हाईक बीजिंग ऑलिंपिकच्या तोंडावर टीकेने हैराण झाला होता आणि त्याने मे महिन्यात दार्फुरसाठी खास दूतही नेमला होता.

३१ जुलै २००७ च्या ठराव १७६९ ने १९,५५५ सैनिकांची 'युनामिड' ही संयुक्त सेना मंजूर केली, पण बेकायदा शस्त्रे जप्त करण्याचा अधिकार मसुद्यातून गळाला आणि सेना मुख्यतः आफ्रिकी असावी हे ठरले. ३१ डिसेंबरला दार्फुरमधल्या अल-फाशिर येथे आफ्रिकी संघाच्या सैनिकांनी हिरव्या टोप्या उतरवून निळ्या चढवल्या. माणसे बहुतांशी तीच होती, नऊ हजारांच्या आसपास. त्यानंतरची अडवणूक पाहण्यासारखी आहे. नॉर्वे आणि स्वीडनच्या अभियंत्यांची तुकडी नाकारली गेली, रात्रीच्या विमानोड्डाणांना परवानगी मिळेना, आणि पोर्ट सुदानला उतरलेले सामान सीमाशुल्काच्या कागदांत अडकून पडे; तिथून दार्फुर रस्त्याने दोन हजार किलोमीटरहून दूर आहे. सेना रुजू होऊन आठवडा होतो न होतो तोच, ७ जानेवारी २००८ रोजी, तिच्या रसदीच्या ताफ्यावर सुदानी सैन्याने गोळीबार केला. अर्थात सारा दोष खार्टूमवर ढकलणेही न्यायाचे नाही, कारण लागणारी २४ हेलिकॉप्टरे द्यायला जगातला एकही सधन देश पुढे येत नव्हता.

बशीर २०१९ मध्ये पदच्युत झाले आणि पंतप्रधान हमदोक यांनी २०२० मध्ये आपण होऊन संयुक्त राष्ट्रांना बोलावले, तेही सैनिकांविना, केवळ राजकीय साहाय्यासाठी. युनामिडची मुदत त्याच वर्षअखेर संपली आणि जानेवारी २०२१ च्या मध्यास दार्फुरमधल्याच अल-जनीना येथे पुन्हा कत्तल झाली. सैन्य आणि निमलष्करी दल यांच्यात २०२३ मध्ये पेटलेल्या युद्धात सैन्याच्या सरकारने त्या राजकीय मोहिमेलाही निघून जायला सांगितले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी पथकाने नागरिकांच्या रक्षणासाठी तटस्थ सेनेची शिफारस केली तेव्हा ती तत्काळ फेटाळली.