फॉस्फरसची ऑक्सिडीकरण अवस्था धातूसारखी वर-खाली करता येते का?

तुम्ही विचारलंय की लिगंड (धातूला इलेक्ट्रॉनची जोडी देऊन जोडला जाणारा गट) म्हणून वापरतो त्या फॉस्फीनमधला, म्हणजे तीन गट जोडलेल्या फॉस्फरस संयुगातला, फॉस्फरस कायम +३ वरच राहतो का, की धातूसारखी त्याचीही अवस्था बदलता येते. बदलता येते. मी याच विषयात काम करतो आणि माझं ठाम मत आहे की इथे मूलद्रव्याइतकंच महत्त्व त्याच्याभोवतीच्या बंधांच्या कोनांना आहे.

साध्या ट्रायफिनाइलफॉस्फीनचा ऑक्साइड झाला की गाडी +५ वर अडते. फॉस्फरस-ऑक्सिजन बंध इतका पक्का असतो की परत फिरायला जबर क्षपणक (ऑक्सिजन काढून घेणारा पदार्थ) लागतो. पण फॉस्फरस चार अणूंच्या ताणलेल्या कड्यात बसवला, म्हणजे फॉस्फेटेन घेतलं, तर कड्यातला अरुंद कोन त्याला पाच बंधांच्या मधल्या अवस्थेकडे ढकलतो. मग फिनाइलसिलेनसारखा सौम्य क्षपणकही ऑक्सिजन काढून घेतो आणि +३ व +५ मधली ये-जा उत्प्रेरकासारखी चालू राहते.

मला सगळ्यात मोलाचं वाटणारं उदाहरण १९८४ चं आहे. कली आणि आर्डुएंगो या रसायनशास्त्रज्ञांनी एक नायट्रोजन आणि दोन ऑक्सिजन असलेल्या लिगंडमध्ये फॉस्फरस असा पकडला की तो इंग्रजी टी अक्षरासारखा सपाट झाला. नेहमीचा पिरॅमिड गेला, आणि त्याच्याभोवती तीन बंध असूनही दहा इलेक्ट्रॉन मोजावे लागले. लिगंडवर तीन ऋणभार धरले तर फॉस्फरस +३. लिगंडवर एकच ऋणभार आणि फॉस्फरसवर दोन लोन पेअर (बंधात न अडकलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या) धरल्या तर +१. रेणू एकच, हिशोब दोन. २०१२ मध्ये रॅडोसेविच यांच्या गटाने याच रेणूच्या मदतीने अमोनिया-बोरेनमधला हायड्रोजन अझोबेंझीनवर नेला. त्यांनी मांडलेला मार्ग +३ ते +५ असा होता. नंतरच्या संगणकीय अभ्यासात मात्र फॉस्फरस आणि लिगंड मिळून हायड्रोजन हाताळतात असा मार्ग पुढे आला. म्हणून अशा रेणूत ‘नेमकी अवस्था कोणती’ यावर अडून बसू नका, इलेक्ट्रॉन कुठे साठतात ते बघा.

खरीखुरी +१ अवस्था हवी असेल तर रसायनशास्त्रज्ञ श्मिटपेटर यांचं १९८२ चं काम वाचा. फॉस्फरस ट्रायक्लोराइड, स्टॅनस क्लोराइड (टिनचं +२ क्लोराइड) आणि डीपीपीई (दोन फॉस्फरस असलेला फॉस्फीन लिगंड) एकत्र केलं की टिन +४ वर जातं आणि फॉस्फरस +१ वर उतरतो. इथे डीपीपीईचे दोन फॉस्फरस लिगंड आहेत आणि मधला फॉस्फरस धातूच्या जागी बसलेला केंद्र-अणू. फॉस्फरस एनएमआरमध्ये (चुंबकीय क्षेत्रात अणूची खूण टिपणाऱ्या यंत्रात) हा मधला अणू -२३० पीपीएमच्या आसपास, शेजारच्या दोघांमुळे तिहेरी रेघ होऊन दिसतो. तुमच्या कॉलेजात ते यंत्र असेल तर सुरुवात याच संयुगापासून करा, फक्त हवा आणि ओलावा लागू देऊ नका.