उरकलेली नमाज

प्रिय बेटा,

अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाहि व बरकातुहू.

पुण्याला गेल्यावरही तुझी पाच वेळची नमाज चुकलेली नाही, हे वाचून समाधान वाटले. "पण चाचा, ती मी नुसती उरकतो" हे पुढचे वाक्य वाचून तर अधिकच वाटले, कारण उरकण्याची ज्याला खंत आहे त्याचे मन नमाजेपासून फार दूर गेलेले नसते. मन लागत नाही त्याला उपाय काय, असे तू विचारले आहेस. माझे सांगणे असे, की सध्या मनाच्या मागे लागू नकोस. आधी शरीराला थांबायला शिकव.

पैगंबरांचे सोबती हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेली आणि बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेली हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनांची व वागण्याची नोंद, तू मकतबात, आपल्या धार्मिक शाळेत, ऐकली असशील. एक माणूस मशिदीत आला, त्याने घाईघाईने नमाज पढली आणि पैगंबर मुहम्मद (स.) यांच्याजवळ येऊन सलाम केला. ते म्हणाले, "परत जा आणि नमाज पढ, कारण तू नमाज पढलेलाच नाहीस." असे तीनदा झाले. शेवटी, याहून चांगली मला येत नाही, आपणच शिकवा, अशी त्याने विनवणी केली, तेव्हा त्यांनी त्याला काय सांगितले ते नीट पाहा: रुकूत (कमरेतून वाकून) जा आणि स्थिर हो, मग उठून सरळ उभा राहा, सजद्यात (कपाळ जमिनीला टेकवून) जा आणि स्थिर हो, मग उठून बस आणि स्थिर हो. मन एकाग्र कर, असा एक शब्दही त्यात नाही. या स्थिर होण्यालाच आपण इत्मिनान म्हणतो, आणि उरकलेल्या नमाजेतून सर्वांत आधी तोच निसटतो.

आमच्या मकतबातले मौलवीसाहेब रुकूत वाकलेल्या मुलाच्या पाठीवर तळहात ठेवीत आणि पाठीची चुळबुळ थांबल्यावरच तो उचलीत. त्या हाताचे वजन मला आजही आठवते. पुढे चिपळूणला दुकान चालवू लागलो आणि तो हात विसरलो. दारात गिऱ्हाईक उभे असताना जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजेच्या, चार रकात (उभे राहण्यापासून सजद्यापर्यंतची आवर्तने) मी अशा पढत असे, की रुकूतून पाठ पुरती उठण्याआधीच सजद्याकडे निघालेली असे. एकदा तिसऱ्या रकातीत एका उधारीचा आकडा आठवला आणि सलाम फेरल्याबरोबर दुआला हात न उचलता मी वही उघडली. त्या दिवशी मला स्वतःची फार शरम वाटली. माणसाला ज्याची काळजी, तिकडे त्याचे हृदय जाते, असे थोर धर्मचिंतक इमाम गजाली यांनी नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. माझे हृदय वहीत होते. तेव्हापासून मी एकच नियम पाळला: रुकूतून उठल्यावर "रब्बना लकल हम्द" पूर्ण होईपर्यंत आणि पाठ सरळ होऊन क्षणभर थांबेपर्यंत खाली जायचे नाही. तूही इथूनच सुरुवात कर, आणि महिनाभर दुसरे काही बदलू नकोस.

त्यानंतर सूरह फातिहाकडे, म्हणजे कुरआनच्या पहिल्या अध्यायाकडे, वळ. फर्ज (अनिवार्य) नमाजेच्या १७ रकात धरल्या, तरी त्यातल्या ७ आयती (वचने) दिवसातून १७ वेळा तुझ्या जिभेवर येतात, आणि जे इतक्या वेळा येते ते जीभ एकटीच म्हणू लागते. सहीह मुस्लिममधील हदीसे कुदसीत, म्हणजे पैगंबरांनी अल्लाहचे शब्द म्हणून सांगितलेल्या हदीसेत, अल्लाह फर्मावतो, की नमाज मी माझ्या आणि माझ्या बंद्याच्या मध्ये अर्धी-अर्धी वाटली आहे. बंदा "अल्हम्दु लिल्लाहि रब्बिल आलमीन" म्हणतो तेव्हा अल्लाह म्हणतो, माझ्या बंद्याने माझी स्तुती केली. आणि असेच पुढेही घडत जाते. ज्याच्याशी बोलायचे तो उत्तर देत असताना आपण पुढचे वाक्य सुरू करावे, याला बोलणे कसे म्हणायचे? पैगंबर (स.) एकेक आयत थांबून पढत, असे त्यांच्या पत्नी हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी सांगितले आहे. अरबी कळत नाही म्हणून खट्टू होऊ नकोस. फातिहाचा मराठी अर्थ स्वतःच्या हाताने एका कागदावर उतरवून घे आणि फजरपूर्वी, पहाटेच्या नमाजेआधी, एकदा वाच.

तू कोकणातल्या शाफई घरात वाढलास आणि तुझ्या खोलीजवळची मशीद हनफी आहे (या धर्माचाराच्या दोन वेगळ्या परंपरा), म्हणून इमामामागे फातिहा पढताना तुझी घाई होते, असर (दुपारनंतरची नमाज) उशिरा होते, फजरला कुनूत (उभ्याने करायची दुआ) नसते. यावरून कोणाशी वाद घालू नकोस. दोन्ही रीती मोठ्या इमामांच्या आहेत, आणि सफेत (रांगेत) उभे राहून शेजाऱ्याचे हात कुठे बांधलेले आहेत ते पाहणारा स्वतःच्या नमाजेतून तेवढा वेळ बाहेरच असतो.

भूक लागली असेल आणि जेवण समोर असेल, तर आधी जेव. तशी शिकवणच आहे. पैगंबरांनी (स.) नक्षीदार चादरीने नमाजेत लक्ष वेधले म्हणून ती परत पाठवली होती, मग खिशात थरथरणाऱ्या मोबाईलबद्दल मी वेगळे काय लिहू? तो दुसऱ्या खोलीत ठेव.

एवढे करूनही मन भटकेल. तेव्हा नमाज वाया गेली असे समजून पुढची ढकलू नकोस. माणूस नमाज संपवून उठतो तेव्हा त्याच्या नावे तिचा कधी दहावा, कधी नववा, कधी आठवा हिस्सा लिहिला जातो, अशी एक हदीस आहे, आणि असे करीत ती अर्ध्यापर्यंत येते. आज तुझा दहावा असेल, तर नवव्यासाठी झट. मन गेल्याचे ध्यानात येईल त्याच शब्दापाशी त्याला परत आण. स्वतःवर चिडत बसलास, तर तेही भटकणेच झाले.

आता दोन सजद्यांमधली बैठक. तिथे आपण "रब्बिग्फिर ली वर्हम्नी वज्बुर्नी" म्हणतो: हे माझ्या रब, मला क्षमा कर, माझ्यावर दया कर, आणि मला सांध. यातला "जब्र" हा शब्द अरबीत मोडलेले हाड बसवण्यासाठीही वापरतात. गेल्या वर्षी तुझे अब्बा गेले आणि चाळिसावाही झाला नव्हता तेव्हा तू नोकरीवर परतलास. त्यानंतर तू कोणाजवळ मन मोकळे केले नाहीस, हे तुझ्या अम्मीने मला सांगितले आहे. बेटा, त्या एका शब्दावर थोडा थांबत जा. कपाळ नुकतेच मुसल्ल्यावरून उठलेले असते, हात मांड्यांवर असतात, आणि पुन्हा खाली जाण्याची काहीही घाई नसते.

अत्तहियातविषयी, म्हणजे नमाजेत बसून म्हणायच्या पाठाविषयी, पुढच्या पत्रात लिहीन. ईदला घरी येशील तेव्हा फजरला आपण एकाच सफेत उभे राहू.

दुआगो,
तुझा चाचा