वाचकांचे प्रश्न : एसी कंत्राटदारांची संघटना

इंदुरातल्या एसी आणि कोल्ड रूमची कामं करणाऱ्या कंत्राटदारांकडून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. एकट्याचं कोणी ऐकत नाही, म्हणून संघटना बांधायची किंवा आहे तिला कामाला लावायची, हा सगळ्यांचा रोख आहे.

प्रश्न : आमच्या भागातले साठ-सत्तर कंत्राटदार मिळून दरपत्रक छापणार आहोत. दीड टन स्प्लिट बसवणं, गॅस चार्जिंग, सर्व्हिसिंग, या प्रत्येकाचा किमान दर ठरवायचा. त्याखाली काम करणाऱ्याला माल देऊ नये असं वितरकांनाही सांगायचं. मोबाइल ॲपवरून येणारी पोरं निम्म्या पैशांत काम करून जातात, आम्ही टिकायचं कसं? छापण्यापूर्वी काय काळजी घ्यावी? (एक कंत्राटदार, सुदामानगर)

उत्तर : छापू नका. असा ठराव व्हॉट्सॲपच्या गटावर फिरला असेल, तर तो रद्द केल्याचं त्याच गटावर आजच लेखी कळवा. एकाच धंद्यातल्या लोकांनी मिळून दर ठरवणं, माल किंवा सेवा रोखणं, गिऱ्हाईक वाटून घेणं आणि निविदेत संगनमत करणं, या चार गोष्टी स्पर्धेला मारक आहेत असं स्पर्धा कायदा, २००२ चं कलम ३(३) गृहीत धरूनच चालतं. तसं नाही हे दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. संघटनेने ठरवलं म्हणून सवलत मिळत नाही. औषधविक्रेत्यांच्या संघटनांवर भारतीय स्पर्धा आयोगाने अशाच कारणांसाठी कारवाई केलेली आहे. दंड गेल्या तीन वर्षांच्या सरासरी उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत, आणि ते संगनमत (कार्टेल) ठरलं तर त्याहूनही जास्त, जाऊ शकतो, शिवाय पदाधिकाऱ्यांना व्यक्तिशः वेगळा लागू शकतो. ‘किमान दर’च्या जागी ‘सुचवलेला दर’ लिहून सुटका होत नाही. वितरकाला माल अडवायला सांगणं म्हणजे दुसरा गुन्हा अंगावर घेणं.

तुमचं दुखणं खोटं नाही, औषध चुकीचं आहे. ‘गॅस भरला’ असं एकजण म्हणतो तेव्हा त्याने दहा मिनिटांत सिलिंडर लावून गेज पाहिलेलं असतं. दुसरा म्हणतो तेव्हा त्याने तीन तास घातलेले असतात. गिऱ्हाइकाला दोन्ही बिलांवर एकच शब्द दिसतो, मग तो स्वस्त बिल निवडणारच. म्हणून संघटनेने कामाची व्याख्या छापावी आणि दर ज्याचा त्याने लावावा.

आर-३२ हा गॅस असलेल्या दीड टन स्प्लिटची गळती काढून गॅस भरणं, एवढ्या एकाच कामाची व्याख्या करून पाहू. उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने काढून घेणं. आर-३२ सौम्य ज्वलनशील असल्याने जवळ ज्योत किंवा ठिणगी नसणं. मग कोरडा नायट्रोजन टप्प्याटप्प्याने भरणं : आधी ५० पीएसआय (दाबाचं एकक), मग २००, मग कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला चाचणी-दाब. नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन कधीही नाही. तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. प्रत्येक जोडाला साबणाचा फेस. फ्लेअर नट (नळीच्या रुंदावलेल्या तोंडावर, म्हणजे फ्लेअरवर, बसणारा नट) मोजून जोर लावणाऱ्या टॉर्क पान्यानेच आवळणं : पाव इंची नळीला साधारण १४ ते १८ न्यूटन-मीटर, ३/८ इंचीला ३४ ते ४२; कंपनीचा तक्ता वेगळा असेल तर तो प्रमाण. जास्त आवळल्याने फ्लेअर चिरतो आणि महिन्याभरात तोच जोड पुन्हा गळतो. त्यानंतर व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या (निर्वात किती झालं त्याचं माप) खाली नेऊन, पंप बंद करून, दहा मिनिटं काटा पाहणं. हे मायक्रॉन गेजवरच कळतं, साध्या मॅनिफोल्ड गेजवर नाही. शेवटी नेमप्लेटवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर तोलून भरणं आणि ते ग्रॅम बिलावर लिहिणं.

इथे एक पोटगोष्ट, कारण मे महिन्यात तिच्यापायी चांगले जोड कापले जातात. दुपारी ४२ अंशांत ४५० पीएसआयवर भरलेला नायट्रोजन रात्री ३२ अंशांवर सुमारे १५ पीएसआय कमी दाखवतो. ती गळती नसते, थंड झालेला वायू असतो. दाबाशेजारी तापमान आणि वेळ लिहायची सवय लावा.

अशी दहा-बारा कामं एका पानावर आणा, त्यावर संघटनेचं नाव घाला आणि प्रत्येक सभासदाने ते पान अंदाजपत्रकाला जोडावं. सोबत खर्चाचा कोरा तक्ता द्या : मजुरीचे तास, पेट्रोल, नायट्रोजन, गॅस, हत्यारांची झीज, परत जावं लागलं तर त्याचा खर्च. तक्त्यात रकाने असावेत, आकडे नसावेत. अमेरिकेतल्या ‘एअर कंडिशनिंग कॉन्ट्रॅक्टर्स ऑफ अमेरिका’ या संघटनेने घराचा उष्णताभार मोजण्याची ‘मॅन्युअल जे’ ही पद्धत लिहिली आणि तिथल्या निवासी बांधकाम संहितेने ती स्वीकारली. तिथे मोजमाप न करता यंत्र विकणारा त्या पद्धतीमुळे उघडा पडतो. दर बांधून ते जमलं नसतं.

प्रश्न : एका रुग्णालयाचं काम केलं. चार लाख रुपये सात महिन्यांपासून अडकलेत. संघटनेने पत्र दिलं, उपयोग झाला नाही. संघटना दावा लावू शकते का? (पळसीकर कॉलनी)

उत्तर : दावा पुरवठादारालाच लावावा लागतो. संघटना कागद तयार करून देऊ शकते, आणि अशी प्रकरणं बहुधा कागदांपायीच अडतात.

आधी पाहा, उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का आणि ती कामाच्या आधीची आहे का. नंतर काढलेल्या नोंदणीवर जुन्या बिलाचा लाभ मागितला की समोरचा वकील पहिला आक्षेप तिथेच घेतो. याच उद्योगांसाठीच्या एमएसएमई विकास कायदा, २००६ चं कलम १५ सांगतं की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करारात ठरलेल्या मुदतीत द्यायचं आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. करार नसेल तर १५ दिवस. काम ताब्यात मिळाल्यापासून १५ दिवसांत समोरच्याने लेखी तक्रार केली नाही, तर काम स्वीकारलं असं धरलं जातं. म्हणून कमिशनिंग रिपोर्टवर (यंत्र चालू करून दिल्याचा अहवाल) तारीख, सही आणि शिक्का घेतल्याशिवाय जागेवरून उठू नका. थंड झालं ना, असं तोंडी विचारून निघून येणारे पुढे वर्षभर फिरतात.

उशिराचं व्याज कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने. बँक रेट ५.५ टक्के धरला तर १६.५ टक्के, चार लाखांवर सहा महिन्यांचे सुमारे ३४,००० रुपये होतात. हा हिशेब मागणीपत्रातच मांडा. तरी पैसे आले नाहीत तर सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे कलम १८ खाली अर्ज करा. खरेदीदार मुंबईचा किंवा दिल्लीचा असला तरी परिषद पुरवठादाराच्या ठिकाणची, म्हणजे तुम्हाला मध्य प्रदेशातली. निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. कायद्यातलं सगळ्यात बोचरं कलम हेच, आणि तडजोडीच्या बोलण्यात ते आठवणीने काढा.

एक अडचण मात्र खरी आहे. डक्टिंग, पाइपिंग, यंत्र आणि मजुरी मिळून एकच ‘वर्क्स कॉन्ट्रॅक्ट’ असेल, तर ते या कायद्यात बसतं की नाही यावर उच्च न्यायालयांचे निकाल दोन्ही बाजूंचे आहेत. पुढच्या कामांत यंत्रांचा पुरवठा, बसवणी आणि वार्षिक देखभाल यांचे आदेश शक्य तिथे वेगळे घ्या. निव्वळ माल आणून विकणाऱ्यालाही उशिरा देयकाचं हे संरक्षण मिळत नाही, हे सभासदांना सांगा.

प्राप्तिकराचा धाकही आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल वरच्या मुदतीत न देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून हे लागू झालं. बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि फेब्रुवारीत खरेदीदाराच्या लेखापालाला स्मरणपत्र पाठवा. रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचं असेल तर या धाकाला फारशी धार नाही, तिथे व्याजाचाच हिशेब चालवा.

प्रश्न : नव्या इमारतींत आउटडोअर युनिट ठेवायला जागाच नसते. आमची माणसं सातव्या मजल्यावर खिडकीबाहेर लटकून काम करतात. महापालिकेला निवेदन दिलं, कोणी उत्तर देत नाही. (विजयनगर)

उत्तर : या मागणीसाठी संघटनेने सगळी ताकद लावली तरी ती योग्यच ठरेल, कारण इथे चूक झाली तर माणूस जातो. पण निवेदन चुकीच्या दारात दिलंय. महापालिका नकाशा मंजूर करते. तो कोणत्या नियमाने करायचा हे ‘मध्य प्रदेश भूमी विकास नियम, २०१२’ ठरवतात. ते बदलणं राज्याच्या नगरीय विकास व आवास विभागाच्या हाती आहे. मुख्य निवेदन भोपाळला, प्रत महापालिकेला आणि नगर व ग्राम निवेश कार्यालयाला. मंगळवारची जनसुनवाई आणि १८१ ही हेल्पलाइन वैयक्तिक तक्रारीसाठी ठीक, नियमबदलासाठी नाही. आणि निवेदन हिंदीत लिहा. फाईल ज्या भाषेत चालते त्याच भाषेत मसुदा दिला तर तो तसाच पुढे सरकतो.

‘जागा द्यावी’ एवढंच लिहून कोणी काही करत नाही. मापं द्या. दीड टनाचं आउटडोअर साधारण ८०० ते ९०० मिमी रुंद, ३०० ते ३५० मिमी खोल आणि २५ ते ४० किलो वजनाचं असतं. मागे हवा घ्यायला आणि बाजूला सर्व्हिस व्हॉल्व्हपर्यंत हात जायला जागा हवी, समोर अडथळा नको, माणसाला दोन्ही पाय टेकता यायला हवेत. म्हणून मसुद्यात किमान १.२ मीटर बाय ०.७५ मीटरचा कट्टा मागा. त्यावर घरातून दाराने किंवा माणूस जाईल अशा खिडकीतून जाता यावं, १.१ मीटर उंच कठडा, पाण्याचा निचरा आणि सुरक्षा-दोर अडकवायला काँक्रीटमध्ये गाडलेली कडी. तोंडं बंद असलेल्या शाफ्टमध्ये युनिटं एकावर एक लावण्यास मनाई, हेही मागा. खालच्या युनिटची गरम हवा वरचं ओढतं आणि वरच्या मजल्यांचे एसी भर दुपारी हाय प्रेशरवर ट्रिप होतात, म्हणजे दाब वाढून आपोआप बंद पडतात.

हे सिद्ध करणं सोपं आहे. रूम एसीची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते, त्याहून गरम हवेत ती घटते. वीस घरांत दुपारी दोन ते चार या वेळेत गच्चीवरच्या सावलीतलं तापमान आणि युनिटच्या मागच्या कॉइलजवळचं तापमान मोजा, मजल्यानुसार तक्ता करा. तो एक तक्ता पन्नास सह्यांपेक्षा जड आहे.

बिल्डरांचा आक्षेपही आधीच ओळखा : कट्टा एफएआरमध्ये (भूखंडावर किती बांधता येतं त्या हिशेबात) मोजला गेला तर विकायचं क्षेत्र घटतं. म्हणून याच मसुद्यात तो एफएआरमधून वगळावा असं लिहा, आणि पुढे कोणी तिथे खोली काढू नये म्हणून कमाल क्षेत्राची मर्यादाही घाला. मग बिल्डरांच्या संघटनेलाच सोबत घेता येतं.

निवेदन एक पानी, मागणी एकच, मसुदा आणि तक्ता जोडून. आवक क्रमांक घ्या. महिन्याने स्मरणपत्र, मग १० रुपये भरून माहिती अधिकारात त्या आवक क्रमांकावर काय टिपण झालं ते मागा. उत्तराची मुदत ३० दिवस.

प्रश्न : संघटना नोंदवायची तर किती माणसं लागतात? वर्गणीवर जीएसटी लागतो का? (राजेंद्रनगर)

उत्तर : मध्य प्रदेश सोसायटी नोंदणी अधिनियम, १९७३ खाली किमान सात. दरवर्षी कार्यकारिणीची यादी आणि लेखे दाखल करायला विसरू नका. निवेदन द्यायच्या वेळी नेमकी तीच कागदपत्रं मागतात. उद्योगवाढीसाठीच्या ना-नफा संस्थेची सभासद वर्गणी माणशी वर्षाला १,००० रुपयांपर्यंत असेल तर तिला जीएसटीतून सूट आहे. आमचं स्पष्ट मत : वितरक आणि कंपन्यांचे प्रतिनिधी सहयोगी सभासद असावेत, मताधिकार फक्त कंत्राटदारांना. वॉरंटीच्या कामाची मजुरी कंपनीने किती द्यावी, असे विषय निघाले की हितसंबंध लगेच फुटतात. त्या विषयावरही एकत्र आकडा बांधू नका; कंपनीकडे कामाचे तास आणि पैसे देण्याची मुदत यांवर बोला.

प्रश्न : आर-२२ हा जुन्या एसींतला गॅस महाग होत चाललाय. बंदीला मुदतवाढ मागावी का? (सियागंज)

उत्तर : नाही. माँट्रियल कराराच्या वेळापत्रकाप्रमाणे विकसनशील देशांत २०३० ला एचसीएफसी (आर-२२ ज्या गटातला आहे ते वायू) संपतात, जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी अगदी थोडा वाटा २०४० पर्यंत राहतो. आर-३२ आणि आर-४१०ए हे नव्या यंत्रांतले वायूही त्याच वाटेवर आहेत : भारतात २०२८ ला वापर गोठवायचा, मग २०३२ ला १० टक्के, २०३७ ला २०, २०४२ ला ३० आणि २०४७ ला ८५ टक्के कपात. मागायचंच तर आपल्या शहरात रिकव्हरी यंत्रं, काढलेला गॅस शुद्ध करण्याची सोय आणि आर-२९० (प्रोपेन) हा ज्वलनशील वायू हाताळण्याचं प्रशिक्षण मागा. नंदानगरच्या शासकीय आयटीआयमध्ये सायंकाळचे वर्ग घ्यावेत अशी मागणी संघटना करू शकते. २०१९ च्या राष्ट्रीय कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाचं उद्दिष्ट होतं, पत्रात त्याचा उल्लेख करा. आणि तोवर आर-२२ च्या जुन्या यंत्रात आर-२९० किंवा आर-३२ भरणाऱ्या सभासदाला संघटनेने लेखी ताकीद द्यावी. त्या यंत्राची वायरिंग, रिले आणि कॉम्प्रेसर ज्वलनशील वायूसाठी केलेले नसतात, आणि आर-३२ चा दाब तर त्या कंडेन्सरला झेपणाराच नाही.