नागपूरजवळ वाडीला गोडाऊन आणि वर ऑफिस आहे, 35 माणसं. दाराला फिंगरचं मशीन बसवू की कार्डचं? कोणत्या कंपनीचं घ्यावं?

कार्डचं घ्या.

पण मी लिहायला बसलो ते तुमच्या प्रश्नाखालच्या ओळीमुळे: "आत आणि बाहेर दोन्हीकडे मशीन लावणार, म्हणजे हजेरीही होईल आणि माणसं मध्येच टपरीवर जाणार नाहीत." माझ्या थोरल्या भावानं जवळपास हेच शब्द वापरले होते.

हिंगणा एमआयडीसीत आमचा कोरुगेटेड बॉक्सचा कारखाना आहे. संत्र्याच्या कार्टनचं बरंच काम असतं. 2018 साली दादानं स्टिचिंगच्या हॉलला फिंगरचं मशीन बसवलं, आतून एक, बाहेरून एक. लॉक घेतलं मोटरनं सरकणाऱ्या बोल्टचं, वीज गेली तरी बंदच राहणारं, कारण "लाइट गेली की दार उघडं पडलं तर माल जाईल." मी तेव्हाच म्हटलं होतं की आतल्या बाजूला मशीन नको, साधं बटण ठेव. दादा म्हणाला, मग पैसे कशाला घातले?

पहिला त्रास बोटांचा झाला. दिवसभर क्राफ्ट पेपर हाताळणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, त्यात खळ लागलेली. स्टिचिंगवरच्या एक मावशी सकाळी मशीनपुढे उभ्या राहायच्या, पदराला बोट पुसायच्या, पुन्हा लावायच्या. "भाऊ, माझं बोट घेऊनच नाही राहिलं जी हे." पंधरा वर्षं वेळेवर येणारी बाई, आणि त्या महिन्यात तिचे दोन अर्धे दिवस कापले गेले. मी ते पैसे परत द्यायला लावले. तेवढंच मला जमलं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात दुपारी अडीचच्या सुमारास पॅनेलमध्ये शॉर्ट झालं. मेन पडला, हॉलमध्ये धूर भरायला लागला. आत चार माणसं होती. लॉकची बॅटरी पत्र्याच्या भिंतीला टांगलेल्या डब्यात होती. या बॅटऱ्यांचं आयुष्य 25 अंशाला धरलेलं असतं, त्यावर दर आठ-दहा अंशांना ते साधारण निम्मं होतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच 45 असतं, पत्र्यापाशी किती असेल ते तुम्हीच बघा. बॅटरी फुगून कधीच मेलेली होती, कुणी उघडून पाहिलं नव्हतं. दोन्ही मशीन बंद पडली. हॉलचं दुसरं दार शटरचं, त्याला बाहेरून कुलूप. बोल्टची किल्ली दादाच्या केबिनमध्ये ड्रॉवरमध्ये, आणि दादा इतवारी बाजारात वसुलीला गेलेला.

आम्ही पहारीनं चौकट उचकटली. दहा-बारा मिनिटं लागली. आतून मावशी दारावर थापा मारत होत्या, मग थापा थांबल्या. तो थांबलेला आवाज मला अजून ऐकू येतो. कागदानं पेट घेतला नाही म्हणून चौघंही वाचले. मावशी दोन दिवस दवाखान्यात होत्या, पुन्हा कामावर आल्या नाहीत.

संध्याकाळी दादा म्हणाला, "लॉकनं आपलं काम बरोबरच केलं ना बे. चूक बॅटरीची." आजही तो हेच म्हणतो. मी म्हणतो, बाहेर पडायला बॅटरी लागावीच का? राष्ट्रीय इमारत संहितेतही लिहिलंय की बाहेर पडायचं दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. आत येणाऱ्याला विचारा, तू कोण. बाहेर जाणाऱ्याला विचारायचं नाही. टपरीवर जाणारा माणूस फार तर दहा मिनिटं कामाची खाईल.

तर तुमच्या दाराला 600 पौंडी चुंबकी लॉक घ्या, म्हणजे साधारण 270 किलोची पकड. वीज तुटली की ते सुटतं. आतून एक्झिटचं बटण आणि शेजारी काच फोडायचा हिरवा डबा, दोन्ही लॉकची वीज थेट तोडणारे. कंट्रोलरला, म्हणजे दार उघडायचं की नाही हे ठरवणाऱ्या डब्याला, "कृपया उघड" असा निरोप धाडणारी जोडणी नको, कंट्रोलर अडकला की निरोप तिथेच राहतो. फायर अलार्म असेल तर त्याचा रिले, म्हणजे वीज तोडणारा स्विचही त्याच वायरीत. लॉकच अर्धा अँपिअर खातं, त्यावर कंट्रोलर आणि कार्ड वाचणारा रीडर, मिळून साधारण पाऊण अँपिअर. 7 अँपिअर-अवरची नवी बॅटरी कागदावर नऊ तास दाखवेल, तेवढे धरू नका. ती वरच्या ऑफिसच्या थंड भिंतीला लावा आणि दर उन्हाळ्याआधी तपासा.

कंट्रोलर आतच हवा, बाहेर फक्त रीडर. स्वस्त मशीनमध्ये दोन्ही एकाच डब्यात असतात. डबा उपसून दोन वायरी जोडल्या की दार उघडतं. कार्ड 125 किलोहर्ट्झचं घेऊ नका, त्याची नक्कल सहज होते. मायफेअर क्लासिक जातीच्या कार्डाचं कुलूपही संशोधकांनी 2008 सालीच फोडलंय. डेसफायर जातीचं कार्ड मागा, कार्डामागे थोडे पैसे जास्त जातील. हजेरीचं मशीन वेगळं, गेटजवळ सावलीत, आणि कुणाचं बोट घेत नसेल तर त्याला कार्ड.

दादाच्या बाजूचंही सांगायला हवं. चुंबकी लॉक वीज गेल्यावर सुटतं, म्हणजे रात्री गोडाऊन त्याच्या भरवशावर सोडता येत नाही. शेवटचा माणूस बाहेर पडला की शटर ओढून साधं कुलूप लावा, आत कुणी नाही ना हे पाहून. कॅश किंवा सर्व्हरची खोली असेल तर तिथे वीज गेल्यावर बंद राहणारं लॉक चालेल, फक्त आतला हँडल नुसता दाबला की दार उघडलं पाहिजे.

कंपनीचं नाव मी देत नाही. नागपुरात ज्याचा माणूस फोन केल्यावर त्याच दिवशी येतो त्याच्याकडून घ्या, आणि पैसे चुकते करण्याआधी मेन पाडून, बॅटरीची वायर काढून, आतून दार उघडून दाखवायला सांगा. हिंगणा तुम्हाला लांब नाही. या एखाद्या रविवारी, आमचं नवं दार मी तसंच उघडून दाखवतो.